हरेगावचं मिशन : फादरांची नावं सगळ्यांना पाठ, मास्तरांची कोण लिहून ठेवणार?

बेलापूररोडवाला

जय ख्रिस्त मंडळी. सप्टेंबर जवळ आला की हरेगावच्या मतमाउलीच्या (म्हणजे येशूची आई मारिया हिच्या) यात्रेच्या बातम्या सुरू होतात आणि प्रत्येक बातमीत तोच परिच्छेद असतो, १९४९ साली जेसुइट (येशूसंघ या कॅथलिक संघाचे) फादर जेराल्ड बाडर यांनी यात्रा सुरू केली, नवसाला पावणारी माउली, सर्वधर्मीय भाविकांची गर्दी, वाहतुकीत बदल, संपलं. यातलं काही खोटं नाही, २०२३ ला यात्रेचा अमृतमहोत्सव झाला तेव्हा मी पण रांगेत होतो. पण हरेगावचं मिशन १९४९ ला आभाळातून पडलं नाही, आणि ते एकट्या फादरांनी उभं केलं असं तर मुळीच नाही. त्यासाठीच हा धागा काढतोय.

ज्यांना भाग माहीत नाही त्यांच्यासाठी, हरेगाव म्हणजे अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या श्रीरामपूर तालुक्यातलं गाव. श्रीरामपूर हे शहरच मुळात दौंड-मनमाड रेल्वेमुळं वाढलं, ही लाईन १८७८ ला सुरू झाली, स्टेशनाचं नाव अजूनही बेलापूर आहे. त्यानंतर प्रवरेवर भंडारदरा धरण झालं, १९२६ ला पुरं झालं, पाटाला पाणी आलं आणि ज्या रानात बाजरी कशीबशी यायची तिथं ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर शुगर कंपनीचा खासगी साखर कारखाना आला, सहकारी कारखाने निघायच्या कितीतरी आधीचा. प्रवरानगरचा कारखाना १९५० चा म्हणजे लक्षात येईल.

आता मिशनकडं येतो. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे प्रॉटेस्टंट लोक १८३१ पासूनच होते. कॅथलिक जेसुइट खेड्यापाड्यांत आले ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडं, आणि त्यांचं जुनं ठाणं राहुरी तालुक्यातलं केंदळ-वळण. त्याच केंदळला १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' मासिक काढलं. हे डोरिंग पुढं १९०७ ला पुण्याचे बिशप झाले, १९२१ ला पोपनी त्यांना जपानात हिरोशिमाला पाठवलं, १९२७ ला परत पुण्याला आले आणि १९४८ पर्यंत बिशप राहिले. केंदळच्या मातीत मराठी शिकलेला माणूस हिरोशिमाला जाऊन परत आला, हे आमच्या पोरांना कुणी सांगतच नाही.

केंदळ-वळणच्या आसपासची जी माणसं ख्रिस्ती झाली ती बहुतेक महार आणि मांग समाजातली. जमीन नाही, असली तर वतनाची तुकडाभर, बाकी गावकीची कामं. कारखाना आला, उसाचे मळे आले, रोख पगार मिळायला लागला तसे हे लोक बिऱ्हाड घेऊन हरेगावकडं सरकले. मळ्याच्या वाड्यांमध्ये खोपी पडल्या, माणसं आधी आली आणि देऊळ त्यांच्या मागनं आलं. आज ज्याला आपण संत तेरेजा चर्च म्हणतो त्याचा पाया म्हणजे हे उसातले मजूर, माझं हे ठाम मत आहे.

आणि या वाड्या सांभाळायचं काम कुणी केलं तर मास्तरांनी. फादर घोड्यावरून, नंतर मोटरसायकलवरून यायचे, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करायचे, पापनिवेदन ऐकायचे, बाप्तिस्मे द्यायचे आणि पुढच्या गावाला जायचे, एकेका फादरकडं कितीतरी गावं. महिन्यातले बाकीचे सगळे दिवस वस्तीवर मास्तर असायचा. दिवस मावळला की कंदील लावून पोरांना अक्षरं शिकवायची, मग मोठ्यांकडून आमच्या बापा आणि नमो मारिया या प्रार्थना म्हणून घ्यायच्या, कुणाचं पत्र वाचून दाखव, कुणाचा अर्ज लिही, कुणी मेलं तर फादर येईपर्यंत प्रार्थना म्हणून माती द्यायची. पगार इतका कमी की मास्तरीणबाई खुरपायला जायची तेव्हा घर चालायचं.

एका जुन्या धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीला धर्मग्राम म्हणतात) मला बाप्तिस्म्याचं रजिस्टर बघायला मिळालं होतं. जाड कागद, कडा वाळवीनं खाल्लेल्या, रकाने लॅटिनमध्ये. लेकराचं नाव लॅटिन वळणाचं, पण बापाचं नाव अगदी आपलं, काशिनाथ, भागाजी, सखाराम असलं, मग गाव, मग धर्मपित्याचं, म्हणजे बाप्तिस्म्याला लेकराची जबाबदारी घेणाऱ्याचं, नाव. पान उलटत गेलो तर धर्मपित्याच्या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच नाव, त्या गावच्या मास्तरचं. अर्ध्या गावाचा धर्मबाप एकटा तो माणूस. आणि त्या चर्चच्या भिंतीवर संगमरवरी पाटी आहे तिच्यावर सगळ्या फादरांची नावं सालासकट, मास्तरचं नाव कुठंच नाही.

ज्यांच्या घरात कुणी मास्तर होतं त्यांनी इथं लिहा. गाव, साल, काय शिकवायचे, किती वस्त्या फिरायचे, सगळं. आमची म्हातारी माणसं आता मोजकीच राहिली आहेत.

तीन नंबरची चाळ

दादा वाचून अंगावर काटा आला. माझे आजोबा कारखान्यात बॉयलरवर होते आणि आजी मळ्यात बेणं तोडायला. आम्ही तुम्ही म्हणता तसलेच, मूळचे वळणकडचे, उसामागं इकडं आलेले. आजोबा सांगायचे की उसाची छोटी रेल्वे होती मळ्यातून कारखान्यापर्यंत, पोरं मागं लटकून ऊस ओढायची आणि मुकादम शिव्या घालत पळायचा. सीझनला भोंगा वाजला की आख्खं हरेगाव त्याच्यावर चालायचं, पाळी, जेवण, शाळा, आणि संध्याकाळची रोझरी (माळेची प्रार्थना) पण.

यात्रेचं सांगते. आता मोठा मंडप, स्क्रीन, पार्किंग सगळं आहे, आमच्या लहानपणी चिखल. सप्टेंबरात हमखास पाऊस, काळी माती, चप्पल हातात घेऊनच चालावं लागायचं. बायका अनवाणीच यायच्या नवसाच्या, गुडघ्यापर्यंत चिखल आणि हातात मेणबत्त्यांचा पुडा वर धरलेला, भिजू नये म्हणून. माउलीसमोर मेणबत्त्या लावायला जागा नसायची, एकाची विझली की दुसरी तिच्याच मेणात बसवायची, मेणाचा थर इतका चढायचा की रात्री माणसं खुरप्यानं खरवडून पाट्या भरून न्यायची. आणि गर्दीत निम्मे लोक आपले नसायचेच. मराठा, माळी, धनगर, मुसलमान पण. आमच्या शेजारच्या काकू पोरगा व्हावा म्हणून बोलल्या होत्या, झाला, दरसाल पाळणा वाहायच्या, शेवटपर्यंत हिंदूच राहिल्या आणि कुणी त्यांना त्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाही.

मास्तर आठवतात आमचे. पेटी वाजवायचे. नाताळच्या आधी महिनाभर वाडीवाडीत भजन, टाळ, ढोलकी आणि त्यांची ती पेटी सायकलच्या कॅरियरला दोरीनं बांधलेली.

नेवासकर

विषय चांगला आहे, पण एक बाजू सुटतेय म्हणून विचारतो, राग मानू नका. ही धर्मांतरं दुष्काळात झाली ना? उपाशी माणसाला धान्य दिलं आणि बाप्तिस्मा दिला, असंच आम्ही ऐकत आलोय. मग इतिहास लिहायचाच तर तेही लिहा.

बेलापूररोडवाला

नेवासकर, राग कसला, लिहायलाच पाहिजे. नगर जिल्हा कायमचा दुष्काळी. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, मग १८९६-९७ चा, लगेच १८९९-१९०० चा, पाठोपाठ. मिशनांनी धान्य वाटलं, अनाथ पोरं सांभाळली, विहिरी आणि रस्त्यांची कामं काढली, आणि त्या वर्षांत बाप्तिस्म्याचे आकडे वाढले, प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक दोन्हीकडं. हे कुणी नाकारत नाही, मिशनऱ्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

पण तेवढ्यावर थांबलं तर पुढचं काहीच कळत नाही. दुष्काळ संपला, पाऊस पडला, धान्य बंद झालं, मग लोक परत का गेले नाहीत? काही गेले, हो. पण चार-पाच पिढ्या राहिले त्याचं कारण ज्वारी कशी असेल? ज्याला देवळात पाय ठेवू देत नव्हते, पाटाचं पाणी सगळ्यांच्या नंतर घ्यावं लागायचं, पोराला शाळेत वळचणीला बसवायचे, त्याला मिशनच्या शाळेत बाकावर बसायला मिळालं. गोरा साहेब फादर त्याच्या खोपीत वाकून आत आला आणि तिथं बसून भाकरी खाल्ली. ज्यानं हे आपल्या डोळ्यानं पाहिलं त्यानं आपलं डोकं वापरून निर्णय घेतला असेल असं आपण का धरत नाही? त्याला फक्त पोट होतं आणि अक्कल नव्हती असं म्हणणं मला त्या माणसाचा अपमान वाटतो, आणि तो माझा पणजोबा आहे.

दुसरी बाजू पण सांगतो, म्हणजे एकतर्फी नको. जात चर्चच्या दारात गळून पडली नाही. महारातले ख्रिस्ती आणि मांगातले ख्रिस्ती यांच्यात सोयरीक करायला लोक कित्येक वर्षं तयार नव्हते, काही ठिकाणी अजूनही का-कू करतात. हे आपल्याच घरातलं आहे आणि तेही लिहायचं.

गोदेपल्याडचा

आमच्या वैजापूरकडची थोडी भर घालतो. गोदावरी ओलांडली की तेव्हा निजामाचा मुलूख. तिकडं जेसुइट नव्हते, फ्रान्सालियन संघाचे फ्रेंच फादर होते, नागपूरकडून आलेले. त्यातले गुरियन जाकियर, वैजापूर तालुक्यातल्या घोगरगावला राहिले, तिथल्या गावागावात फिरले. लोक त्यांना गुरियनबाबा म्हणतात. बोरसरला त्यांच्या आठवणीत दरवर्षी लोक जमतात आणि यातले कितीतरी ख्रिस्ती नाहीत.

सांगायचा मुद्दा, नदी मध्ये असली तरी माणसं एकच होती. सोयरीक इकडं तिकडं चालायची, माझी आजी नेवाशाकडची आणि आजोबा घोगरगावकडचे. हरेगावच्या यात्रेला आमच्याकडून बैलगाड्या निघायच्या, नंतर ट्रक. गाडीत भाकरीचं गाठोडं, ठेच्याचं मडकं, आणि पुढं बसलेला आमचा मास्तर, यायच्या-जायच्या दोन्ही वेळेला माळ म्हणून घेणार. ज्यांनी डोलायला सुरुवात केली त्याला मागून काठीनं टोचायचा. बेलापूररोडवाले म्हणतात ते आमच्याकडं पण शंभर टक्के लागू, गुरियनबाबांचं नाव सगळ्यांना माहीत आणि त्यांच्याबरोबर चालत फिरलेल्या मास्तरांची नावं फक्त त्यांच्या नातवंडांना.

खंडकऱ्याचा नातू

मी ख्रिस्ती नाही पण हरेगावचा आहे म्हणून लिहितो. हा धागा वाचताना कारखान्याचं नाव आलं, पण जमिनीचं आलं नाही. कंपनीनं जो ऊस लावला तो आमच्या आजा-पणज्यांच्या जमिनीवर. खंडानं घेतलेल्या जमिनी, म्हणून आम्ही खंडकरी. मुदत संपली तरी जमिनी परत मिळाल्या नाहीत, १९६१ चा सीलिंगचा कायदा आला आणि जमिनी सरकारजमा झाल्या, १९६३ ला शेती महामंडळ निघालं त्याच्याकडं गेल्या. प्रत्यक्षात जमिनी परत मिळायला लागल्या २०१२ च्या सुमाराला. आमचे आजोबा मोर्चे काढत काढतच गेले.

आता यात मिशनचा संबंध असा की महामंडळाचा कामगार बराचसा ख्रिस्ती आणि बौद्ध. खंडकऱ्याला जमीन मिळाली ही आनंदाची गोष्ट, माझ्या घरात पेढे वाटले. पण मळे मोडले, कारखाना तर आधीच बंद पडलेला, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या जमिनीवर राबलेल्या कामगाराच्या हातात काय आलं? ना जमीन ना काम, राहायला पडकी खोली, ती पण आज खाली करा उद्या खाली करा. शाळेत माझ्याबरोबर असलेली मिशनची निम्मी पोरं पुण्याला, चाकणला गेली. वाड्यांमध्ये आता म्हातारी राहतात. त्यामुळं हरेगावच्या चर्चला रविवारी कमी आणि यात्रेला जास्त माणूस का, याचं कारण धार्मिक नाही, ते सात-बाराच्या उताऱ्यात आहे.

तीन नंबरची चाळ

खंडकरी दादा, तुमच्या घरातले पेढे आमच्या चाळीत पण आले होते, आठवतंय. आणि खोल्यांचं तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, आमच्यापैकी कुणी लिहिलं असतं तर रडगाणं वाटलं असतं.

संगमनेरची बाई

मी निवृत्त शिक्षिका. ज्ञानमाता विद्यालय, संगमनेरचं नाव अजून कुणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं. जेसुइटांची मराठी माध्यमाची शाळा आणि बोर्डिंग, नगर जिल्ह्यातल्या कितीतरी खेड्यांतली पोरं तिथं शिकली. पुढं १९८७ ला पुणे धर्मप्रांतातून (एका बिशपच्या हाताखालचा भाग) नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला, नगर जिल्हा त्यात गेला आणि पहिले बिशप झाले थॉमस भालेराव, जेसुइट, आपले मराठी. ज्या भागात एकेकाळी बिशप म्हटलं की युरोपातलाच, तिथं भालेराव आडनावाचा बिशप. त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये लोक रडले होते.

पण मला मास्तरांच्या यादीला एक पुरवणी जोडायची आहे, बायकांची. मास्तरीण म्हणजे नुसती मास्तरची बायको नव्हे. बाळंतपणं तिनं केली. लेकरू वाचत नाही असं दिसलं तर फादरची वाट न बघता कपाळावर पाणी घालून बाप्तिस्मा तीच द्यायची, तसा तिला अधिकार होता आणि रजिस्टरमध्ये त्याची नोंद पण होते. मुलींच्या बोर्डिंगला पोरी पाठवा म्हणून घरोघर तीच सांगायची, बापाशी भांडायची. माझ्या आईला अशाच एका बाईनं बोर्डिंगला ओढून नेलं, नाहीतर तिचं लग्न बाराव्या वर्षी ठरलं होतं. आई पुढं नर्स झाली आणि मी शिक्षिका. त्या बाईंना निरक्षर नवऱ्यांच्या बायका 'शाळेतली आवा' म्हणायच्या, त्यांचं खरं नाव आईला पण शेवटी आठवलं नाही.

आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (रोमला भरलेली जगभरच्या बिशपांची सभा), म्हणजे १९६५ नंतर, मिस्सा लॅटिनची मराठीत आली तेव्हाचं पण लिहा कुणीतरी. तोवर वेदीवर फादर पाठमोरे आणि खाली बायका आपली माळ ओढत बसलेल्या. मराठी आली आणि पहिल्यांदा त्यांना कळलं की आपण काय म्हणतोय. भजनं मात्र वस्तीवर आधीपासून मराठीच होती. रेव्हरंड ना. वा. टिळकांची (ते प्रॉटेस्टंट) भजनं तर कॅथलिक आहे का प्रॉटेस्टंट असं कुणी बघत नव्हतं, सरळ गायची.

गोदेपल्याडचा

ताई, पाणी घालायचा अधिकार! आमच्या आजीनं असाच माझ्या काकाला दिला होता. काका आज पंच्याहत्तरीचा आहे आणि ठणठणीत.

कागदपत्रवाला

एक गोष्ट सुटली ती कायद्याची, आणि तिच्यामुळं हा सगळा इतिहास कागदावरून पुसला जातोय. १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आला, त्यात अनुसूचित जाती फक्त हिंदूंमध्ये धरल्या. १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना ओबीसीत धरतात, तेवढंच. २००७ ला रंगनाथ मिश्र आयोगानं धर्माची अट काढा म्हणून शिफारस केली, २०२२ ला माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला.

याचा परिणाम खेड्यात काय झाला ते बघा. घरात येशूचा फोटो, रविवारी चर्च, पण शाळेच्या दाखल्यावर हिंदू महार नाहीतर हिंदू मांग. पोराच्या शिक्षणासाठी माणूस काय करणार. मी त्यांना दोष देणार नाही, माझ्या सख्ख्या चुलत्यांनी तेच केलं आणि त्यांची पोरं शिकली. पण जनगणनेत हे लोक दिसत नाहीत, सरकारी कागदावर हे मिशन खऱ्यापेक्षा लहान आहे. म्हणून चर्चची रजिस्टरं ही एकच जागा उरते जिथं ही घराणी आहेत तशी नोंदलेली आहेत. बेलापूररोडवाले, तुम्ही वाळवीचं लिहिलंत ते वाचून पोटात गोळा आला.

नेवासकर

बरंच नवीन कळलं. ज्वारीचा मुद्दा मी परत काढणार नाही असं नाही, पण वळचणीच्या शाळेचं माझ्या आजोबांकडून मी पण ऐकलंय, फक्त ते आतल्या बाजूला बसणारे होते. अजून एक, आमच्या गावात एक स्विस फादर यायचे, बाखरबाबा, त्यांचा उल्लेख व्हायला हवा. चर्चच्या कामासाठी नाही, पाण्यासाठी यायचे.

बेलापूररोडवाला

नेवासकर, हर्मन बाखर! १९४८ ला भारतात आले, नगरला सोशल सेंटर काढलं, विहिरी, मग पाणलोट. बांधबंदिस्ती, नालाबंडिंग, झाडं, चराईबंदी, आणि अट एकच की सगळा गाव एकत्र आला पाहिजे आणि श्रमदान केलं पाहिजे, नुसत्या ख्रिस्ती वस्तीचं काम नाही. जर्मनीच्या मदतीचा पाणलोट कार्यक्रम त्यांच्या खटपटीतून उभा राहिला, १९९३ ला त्यांनी फादर क्रिस्पिनो लोबोंबरोबर वॉटर (WOTR) ही पाणलोटाची संस्था सुरू केली. २०२१ ला गेले. त्यांच्या कामात सुद्धा गावात आधी जाऊन पाटलाला, सरपंचाला, वस्तीला एका ओट्यावर बसवणारा माणूस लागायचा, आणि तो बरेचदा मास्तराचाच पोरगा.

कागदपत्रवाल्यांचं म्हणणं ऐकून आता कामाचं ठरवू. रजिस्टरला आपण हात लावायचा नाही, ते धर्मग्रामाचं आहे आणि त्यात लोकांची खासगी माहिती आहे. पण फादरांची परवानगी घेऊन पानांचे फोटो काढून धर्मप्रांताकडं ठेवता येतील, नाशिकला एका ओळखीच्या फादरांशी माझं बोलणं झालंय, ते तयार आहेत. 'निरोप्या'चे जुने अंक ज्यांच्या घरी ट्रंकेत असतील त्यांनी रद्दीत घालू नका, गावोगावच्या मिशनच्या बातम्या त्यात यायच्या आणि मास्तरांची नावं असली तर तिथंच सापडतील. मास्तर-मास्तरणींची यादी मी करतो. प्रत्येकानं आपल्या गावचं एक नाव तरी द्या, आणि संगमनेरच्या ताई, 'शाळेतली आवा' कुठल्या बोर्डिंगला पोरी नेत होत्या आणि साधारण कुठल्या साली, तेवढं सांगा, तिथल्या हजेरीत सापडतात का बघू.

संगमनेरची बाई

राहात्याकडचं बोर्डिंग, पन्नासच्या आसपासचं साल. आईच्या धाकट्या बहिणीला विचारून उद्या गावाचं नाव कळवते, ती अजून आहे आणि तिला सगळं आठवतं.

खंडकऱ्याचा नातू

चार वाडीच्या मास्तरांचा मुलगा माझ्या वडिलांचा दोस्त आहे. रविवारी जाऊन बसतो त्यांच्याकडं, रेकॉर्ड करून आणतो. पेटी अजून घरात आहे म्हणे.